बोंबील कुठे आणि का: एका माशाच्या पसाऱ्याचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी विचारलं की तत्त्वज्ञानाच्या माणसानं माशांवर का बोलावं. प्रश्न रास्त आहे. त्याला एक सोपं उत्तर असं की या धंद्याचा मूळपुरुष अ‍ॅरिस्टॉटल लेस्बॉस बेटावरच्या खाडीकाठी बसून मासे आणि माकुळ चिरून पाहत होता, आणि त्याबद्दल त्याला कुणी जाब विचारला नाही. दुसरं उत्तर जरा लांबचं आहे. आम्ही वर्गात जन्मभर एकच प्रश्न विचारत आलो: ‘हे तुम्हाला कशावरून कळलं?’ हाच प्रश्न एखाद्या माशाच्या नकाशाला विचारला तर काय होतं, ते आज पाहायचं आहे. आणि ते पाहायला बोंबलाइतका चांगला मासा नाही.

बोंबलाचा नकाशा कुठल्याही मत्स्यकोशात सापडतो. अरबी समुद्रापासून बंगालचा उपसागर, ब्रह्मदेश, सुमात्रा, बोर्निओ, चीन आणि थेट जपानपर्यंत किनाऱ्यालगत एक पट्टा रंगवलेला असतो. एकच रंग, एकसारखा. हा नकाशा खोटा नाही. या साऱ्या पट्ट्यात कुठे ना कुठे बोंबील सापडलेला आहे. पण सातपाटीच्या बाईला तो दाखवा आणि कोचीच्या बाईला दाखवा. पहिली म्हणेल, यात काय नवल? दुसरी म्हणेल, हा मासा कोणता? रंग दोघींच्या किनाऱ्याला सारखाच लागलेला आहे.

तेव्हा मासा ‘कुठे आहे’ हा एक प्रश्न झाला, आणि तिथे त्याचं ‘किती चांगलं चालतं’ हा दुसरा. जीवशास्त्रज्ञ दुसऱ्याला अधिवासाची योग्यता म्हणतात. ती पट्ट्यात ठिकाणोठिकाणी बदलते. का बदलते, हे शोधताना माणसं काय काय धरून चालली, त्याचा इतिहास मोठा मजेदार आहे.

सुरुवात नावापासून करू. इंग्रजांनी याला ‘बॉम्बे डक’ म्हटलं. म्हणजे जगाच्या बाजारात हा मुंबईचा मासा. पण शास्त्राच्या दप्तरात तो मुंबईचा नाहीच! १८२२ साली एडिनबरोहून फ्रान्सिस हॅमिल्टन यांचा गंगेतल्या माशांवरचा ग्रंथ निघाला. त्यात या माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन आहे, आणि ते बंगालमध्ये पाहिलेल्या माशावरून केलेलं आहे. हे हॅमिल्टन म्हणजेच आपल्याला ठाऊक असलेले बुकानन, टिपू पडल्यावर म्हैसूरची पाहणी करणारे. कंपनीचे सर्जन. आडनाव पुढे बदललं. माशांना नावं देताना त्यांची एक चांगली खोड होती: कोळी जे म्हणतो तेच लॅटिनच्या साच्यात घालायचं. रोहू झाला रोहिता, कटला झाला कटला. तसंच बंगालकडच्या स्थानिक नावावरून आपल्या बोंबलाला ‘नेहेरिअस’ हे नाव मिळालं, ते आजवर टिकून आहे. त्यांची बरीच चित्रं मात्र गव्हर्नर जनरलनं कलकत्त्यातच अडकवून ठेवली. आमच्या मते विद्येच्या इतिहासातला हा एक क्षुद्रपणाचा नमुना आहे, पण तो विषय वेगळा.

‘डक’ शब्दाबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगतात, की सुका बोंबील डाकगाडीतून जायचा, डब्याला वास यायचा, म्हणून ‘बॉम्बे डाक’. गोष्ट गोड आहे. पण आपली पहिली रेल्वे धावली १८५३ साली, आणि हे नाव इंग्रजी छापील मजकुरात त्याआधीपासून आढळतं. शिवाय यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात मुंबई इलाख्यातल्या साहेबांनाच ‘डक्स’ म्हणत असं दिलेलं आहे. म्हणजे बदक आधी साहेब होता, की मासा, हे सांगणं कठीण. ते राहू द्या. आपल्या कामाची गोष्ट एवढीच: एकाच माशाला दोन टोकांना दोन जन्मगावं मिळाली, एक हुगळीच्या तोंडाशी आणि एक मुंबईशी. मधल्या लांबलचक किनाऱ्यावर त्याच्या नावानं कुणी भांडलं नाही.

हीच खरी विचित्र गोष्ट. सौराष्ट्रात नवाबंदर, जाफराबाद. आपल्याकडे डहाणू, सातपाटी, अर्नाळा, वसई, वर्सोवा, ही बोंबलाची मोठी ठाणी. रत्नागिरीच्या खाली उतरलं की तो विरळ होत जातो. कर्नाटक, केरळला जवळजवळ नाहीच. मग द्वीपकल्पाला वळसा घालून वर चढत गेलं की आंध्रात गोदावरी-कृष्णेच्या बाजूला तो पुन्हा भेटू लागतो आणि ओडिशा-बंगालला तर भरघोस. तिकडे त्याला ‘लोट्या’ म्हणतात आणि त्याचं भुजणं अगदी चवीनं खातात. मुंबईकडे मासा उदंड आणि मलबारला दुर्मीळ, हे एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टर-निसर्गशास्त्रज्ञांच्या ध्यानात आलेलं होतं. पण ‘असं का?’ हा प्रश्न मथळ्यात घालून लिहिला तो सुंदरलाल होरा यांनी. १९३४ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात बोंबलाच्या वितरणाच्या कारणांवर त्यांचा लेख आला.

होरा हे पंजाबातून आलेले, कलकत्त्याच्या झूलॉजिकल सर्व्हेत वाढलेले आणि पुढे १९४७ पासून त्याचे संचालक झालेले. त्यांना जन्मभर एकाच जातीच्या कोड्यानं पछाडलं होतं. मासा इथे आहे, तिथे आहे, मग मधे का नाही? सह्याद्रीच्या ओढ्यांतले काही मासे मलायाकडच्या माशांचे सख्खे भाऊ दिसतात, आणि मधल्या प्रदेशात त्यांचा पत्ता नाही. यावर त्यांनी सातपुड्याची उपपत्ती मांडली: कधीकाळी विंध्य-सातपुड्याच्या रांगेवरून हे मासे पश्चिमेला आले असावेत. ती आज सगळ्यांना मान्य नाही. पण पाहा, गोड्या पाण्यातल्या माशाला डोंगर आडवा येतो, हे समजू शकतं. समुद्रात बोंबलाला काय आडवं आलं? पाणी तर सलग आहे. गोव्यापुढे कुणी भिंत बांधलेली नाही.

उत्तराचा एक भाग पाण्यातच आहे, आणि तो कोळ्याला शास्त्रज्ञाच्या आधीपासून ठाऊक आहे. भरती-ओहोटी. खंभातच्या आखातात भावनगरला उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटीच्या पातळीत दहा मीटरांचा फरक पडतो. मुंबईला चार ते पाच मीटर. गोव्याला दोनेक मीटर. कोचीला जेमतेम एक. आणि हुगळीच्या तोंडाशी सागर बेटापाशी तो पुन्हा पाच मीटरांपर्यंत चढतो. आता हे आकडे किनाऱ्यावर मांडा आणि शेजारी बोंबील मांडा. दोन्ही एकाच जागी फुगतात, एकाच जागी सुकतात.

कारण समुद्राच्या तळाच्या घडणीत आहे. मुंबई-खंभातसमोर भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यापासूनचा उथळ समुद्रतळ, तीनशे किलोमीटरांच्या आसपास पसरलेला आहे. दक्षिणेत केरळकडे तो साठ-सत्तर किलोमीटरांवर येतो. रुंद, उथळ तळावरून भरतीची लाट चढते आणि पुढे आखात नरसाळ्यासारखं अरुंद होत जातं, तसं पाणी उंच उंच चढतं. त्यात नर्मदा, तापी, मही, साबरमती यांचा गाळ. दिवसातून दोनदा हे सगळं पाणी ढवळून निघतं. समुद्र निळा असतो हे चित्रातलं. डहाणूचा समुद्र चहाच्या रंगाचा. त्या गढूळ पाण्यात जवळा आणि करंदी माजते, आणि बोंबील ते खातो. इतर मासे खातो, प्रसंगी स्वतःचीच पिल्लंही. तोंड मोठं, दात आतल्या बाजूला वळलेले, अंग लिबलिबीत. डोळ्यांनी पाहून दूरवर पाठलाग करणारा हा शिकारी नव्हे. चिखलाच्या पाण्यात, प्रवाहाच्या जोरात, जे समोर येईल ते गिळणारा. सुमात्रा-बोर्निओच्या नदीमुखांशी आणि चीनमध्ये यांगत्सेच्या तोंडाजवळच्या समुद्रातही तो असाच, मोठी नदी आणि गढूळ पाणी पाहून राहतो.

इथे बरेच जण थांबतात आणि म्हणतात, झालं, उत्तर मिळालं. आम्ही इथे थांबायला तयार नाही, कारण आमचा तो जुना प्रश्न अजून विचारायचा आहे. कशावरून कळलं?

बोंबील कुठे जास्त आहे हे आपल्याला कळतं ते पकडीवरून. पकड होते डोलीनं. डोल म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोठ्या नरसाळ्यासारखं पिशवीचं जाळं; तोंड भलंमोठं, शेपटाकडे निमुळतं, शेपटाचा आस बारीक. समुद्राच्या तळात खुंट रोवलेले असतात, त्यांना जाळं बांधायचं, तोंड प्रवाहाकडे करून. पुढे माणसानं काही करायचं नाही. ओढायचं नाही, मागे धावायचं नाही. पाणी वाहतं, मासा पाण्याबरोबर येतो आणि पिशवीत अडकतो. भरती आणि ओहोटी यांच्यामध्ये पाणी क्षणभर थांबतं, तेवढ्यात जाळं उचलायचं. पाणी उलटलं की जाळ्याचं तोंडही उलटं. उधाणाचे दिवस म्हणजे कमाईचे, भांगाचे दिवस म्हणजे जाळी दुरुस्त करायचे. अमावास्या-पौर्णिमेचं पंचांग कोळीवाड्यात देवापेक्षा डोलीसाठी जास्त पाहिलं जातं, असं म्हटलं तर कुणी रागावू नये.

आता गोम लक्षात आली का? बोंबलाला जोराची भरती लागते, असं आपण म्हणतो. पण डोलीलाही जोराची भरतीच लागते! कोचीसमोर जेमतेम मीटरभर भरतीत खुंट रोवून डोल बांधा. पिशवी नीट फुगायची सुद्धा नाही. तेव्हा बोंबलाच्या पकडीचा नकाशा हा बोंबलाचा नकाशा आहे की डोलीचा? जिथे डोल चालत नाही तिथे बोंबील नाही, की तिथे असलेला बोंबील आपल्याला दिसत नाही? बंगालमध्ये पाहा. तिथल्या खाड्यांत ‘बेहुंदी’ नावाचं जाळं लावतात. तेही पिशवीचं, तेही खुंटांना बांधलेलं, तेही भरती-ओहोटीवर चालणारं. देशाच्या दोन टोकांना एकच मासा, आणि दोन्हीकडे जवळजवळ एकच जाळं. तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही हे उदाहरण फळ्यावर मांडलं असतं तर चांगल्या विद्यार्थ्यानं लगेच हात वर केला असता: सर, दोन गोष्टी नेहमी एकत्र दिसतात, पण दोघींचं कारण तिसरीच गोष्ट असेल तर?

ही निव्वळ शब्दांची कसरत नाही. माणसाला समुद्राच्या आतलं दिसत नाही. हत्ती मोजायला जंगलात जाता येतं. मासा मोजायचा तर काहीतरी हत्यार पाण्यात टाकावं लागतं, आणि प्रत्येक हत्याराला त्याची आवडती जागा असते. कोची-मंडपमकडचे शास्त्रज्ञ हे जाणतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ साली निघाली, तेव्हापासून किनाऱ्यावर किती मासळी उतरली याचे नमुने घेऊन अंदाज केले जातात. देशात बोंबलात गुजरात पहिला, महाराष्ट्र दुसरा, हे आपल्याला त्यांच्यामुळे ठाऊक आहे. पण उतरलेली मासळी म्हणजे समुद्रातली मासळी नव्हे.

मग पेच सुटायचा कसा? असं हत्यार हवं, ज्याला भरतीची गरज नाही. ते हत्यार आलं ट्रॉलरच्या रूपानं. १९५० च्या दशकात नॉर्वेच्या मदतीनं केरळात नीण्डकराला यांत्रिक मासेमारीचा प्रकल्प सुरू झाला, आणि पुढच्या वीस वर्षांत साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर तळ खरवडणारी जाळी ओढली जाऊ लागली. ट्रॉलरबद्दल आमचं मत चांगलं नाही. पण या एका प्रकरणात त्यानं नकळत साक्षीदाराचं काम केलं. केरळ-कर्नाटकात इतकी वर्षं इतके ट्रॉलर फिरले. माकुळ आले, कोळंबी आली, राणीमासा आला. बोंबलाच्या राशी काही आल्या नाहीत. म्हणजे मधली पोकळी खरी आहे. ती डोलीनं निर्माण केलेला भास नाही. होरांचा प्रश्न टिकला.

याच ट्रॉलरनं उत्तरेला मात्र उलट साक्ष दिली. गुजरात-महाराष्ट्रासमोर डोलीच्या खुंटांपलीकडे, जिथे कुणी खुंट रोवू शकत नाही अशा पाण्यातही बोंबील ट्रॉलला लागतो. तेव्हा डोलीचा नकाशा अर्धा खरा होता. दक्षिणेची सीमा त्यानं बरोबर सांगितली, समुद्राकडची सीमा चुकीची. हत्यारानं कुठे खरं बोललं आणि कुठे नाही, हे प्रत्येक बाजूला वेगळं तपासावं लागतं.

आता थोडं शब्दांकडे वळू, कारण शास्त्रज्ञांचे शब्द आमच्या आवडीचे आहेत. जीव जिथे बसतो त्या जागेला पर्यावरणशास्त्रात ‘निश’ म्हणतात. मूळ शब्द वास्तुशास्त्रातला, भिंतीतला कोनाडा. कॅलिफोर्नियाचे जोसेफ ग्रिनेल यांनी १९१७ साली तिथल्या एका पक्ष्याबद्दल लिहिताना तो रूढ केला. कोनाडा आधी असतो, मूर्ती मागून बसवली जाते. ग्रिनेलच्या मांडणीतही परिस्थितीचा कोनाडा असतो आणि प्राणी त्यात बसतो. मग १९५७ साली एव्हलिन हचिन्सन यांनी कोनाडा भिंतीतून काढून प्राण्याच्या बाजूला आणला. तापमान इतकं ते इतकं, क्षारता इतकी ते इतकी, अशा जितक्या अटी असतील तितक्या मिती घ्या; त्यांच्यामध्ये जी जागा उरेल तो त्या जातीचा मूलभूत कोनाडा. आणि शत्रू, स्पर्धक यांनी ढकलल्यावर प्रत्यक्षात उरतो तो वास्तव कोनाडा. आज संगणकावर अधिवास-योग्यतेचे जे नकाशे निघतात, शून्य ते एक अशा अंकांचे, त्यांच्या मुळाशी हचिन्सनचा हाच विचार आहे.

याच्या जोडीला एक समजूत फार लोकप्रिय झाली. जेम्स ब्राउन यांनी १९८४ साली तिला शास्त्रशुद्ध रूप दिलं: पसाऱ्याच्या मध्यभागी परिस्थिती सर्वांत चांगली, म्हणून तिथे जीव दाट; कडेला परिस्थिती वाईट होत जाते, म्हणून तिथे विरळ. ऐकायला किती बरं वाटतं! राजधानी मध्यभागी, सरहद्दीवर ओसाडी. २००२ साली सॅगारिन आणि गेन्स यांनी आधी झालेले अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा या नियमाला फारसा आधार मिळेना. सॅगारिन स्वतः किनाऱ्यावरच्या खडकांतले प्राणी मोजणारे. तिथे कडेलाच गर्दी, मधे ओसाड, असंही दिसत होतं.

बोंबील तर या नियमाची थट्टाच करतो. अरबी समुद्र ते जपान या पट्ट्याचा मध्य काढा; तो पडेल मलाया-सुमात्राच्या आसपास. तिथे बोंबील आहे, पण त्याच्या अतोनात गर्दीची एक मोठी जागा आहे खंभातच्या आखाताबाहेर, पट्ट्याच्या पश्चिम टोकाजवळ. दुसरी बंगालच्या माथ्याशी. योग्यता ही डोंगरासारखी मधे एक शिखर घेऊन बसलेली नाही. ती बेटाबेटांनी आहे, जिथे मोठी नदी, रुंद उथळ तळ आणि जोराची भरती एकत्र येतील तिथे एक बेट. एका रंगाचा पट्टा रंगवणारानं ही बेटं आणि त्यांच्यामधलं रिकामं पाणी, दोन्ही एकाच कुंचल्याखाली घेतलं.

‘योग्य’ शब्दावरही जरा घुटमळावं लागेल. मराठीत योग्य म्हटलं की त्याला चांगलेपणाचा वास येतो. चीनच्या किनाऱ्यावर अलीकडे जे दिसलं त्यानं तो वास उडून जातो. तिथल्या काही भागांत बोंबील गेल्या काही वर्षांत कित्येक पटींनी वाढला. चिनी संशोधकांनी डॅनिएल पॉली या नामांकित मत्स्यशास्त्रज्ञाच्या साथीनं त्याचं कारण मांडलं ते असं: खतांच्या आणि सांडपाण्याच्या भारानं किनाऱ्याजवळच्या पाण्यातला प्राणवायू कमी झाला. इतर मासे गुदमरले किंवा निघून गेले. बोंबलाच्या अंगात शेकडा नव्वदच्या आसपास पाणीच. स्नायू थोडे, म्हणून प्राणवायूची गरजही थोडी. जिथे इतरांचा श्वास कोंडतो तिथे याचं भागतं. तो वाढला, कारण समुद्र बिघडला. तेव्हा एखाद्या नकाशात बोंबलाची योग्यता वाढलेली दिसली तर लगेच पेढे वाटू नयेत. कुणासाठी योग्य आणि कुणाच्या जाण्यामुळे योग्य, हे त्या शून्य ते एकच्या अंकात लिहिलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट त्या अंकात नसते: महिना. आपल्याकडे बोंबलाचा मोठा हंगाम पावसाळा सरल्यावरचा, सप्टेंबर ते डिसेंबर-जानेवारी. पुढे तो कमी होतो. समुद्र तोच, खुंट तेच, मासा नाही. वर्षाची सरासरी काढून केलेला नकाशा हे सगळं एकत्र कालवतो.

हंगामाबरोबर ऊनही आलं. ही गोष्ट माशाच्या बाजूची नाही, माणसाच्या बाजूची आहे, पण इतिहासात दोन्ही वेगळ्या करता येत नाहीत. नव्वद टक्के पाणी असलेला मासा बर्फाच्या आधीच्या काळात दोन तास टिकत नव्हता. त्याला बाजार मिळाला तो वलांड्यांवर लटकवून सुकवल्यामुळे, तोंडात तोंड अडकवून, जोडीजोडीनं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उत्तर कोकणात आणि सौराष्ट्रात स्वच्छ ऊन आणि कोरडा वारा असतो. त्याच महिन्यांत केरळात परतीचा पाऊस. म्हणजे दक्षिणेला बोंबील असता तरी तो सुकता ना! एकाच किनाऱ्यावर भरती माशाला मानवली, तीच जाळ्याला मानवली, आणि ऊन वलांडीला मानवलं. तीन वेगवेगळ्या योग्यता एका जागी जुळल्या आणि त्यातून कोळीवाड्यांची दोनशे वर्षांची अर्थव्यवस्था उभी राहिली. सुका बोंबील घाटावर गेला, गिरणगावात गेला, जहाजांतून विलायतेला गेला. १९९७ साली युरोपीय आयोगानं स्वच्छतेच्या नियमावर बोट ठेवून त्याची आयात थांबवली, तेव्हा ब्रिटनमधल्या शौकिनांनी ‘बोंबील वाचवा’ अशी मोहीम चालवली, आणि मग मान्यताप्राप्त कारखान्यांतून तो पुन्हा जाऊ लागला. आपल्या सरकारनं २०२३ साली राज्यमासा जाहीर केला तो मात्र पापलेट. पापलेट दिसायला चांगला, हे कबूल.

हे सगळं आज का सांगायचं, ते आता सांगतो. डहाणूजवळ वाढवणला मोठं बंदर होतं आहे. पहिला प्रस्ताव आला तेव्हा न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानं १९९८ साली तो नाकारला होता. त्याच प्राधिकरणानं २०२३ साली नव्या प्रस्तावाला ना-हरकत दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी आली, खर्च सुमारे ७६ हजार कोटी रुपये, आणि ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. समुद्रात भराव घालून १,४४८ हेक्टर जमीन तयार व्हायची आहे. परिसरातले मच्छीमार विरोधात आहेत. बंदर व्हावं की नाही याचा निवाडा या व्यासपीठावरून करायला आम्ही बसलेलो नाही. आम्हाला त्यातला ज्ञानाचा प्रश्न दिसतो.

असल्या कुठल्याही प्रकल्पात या पाण्यात मासे किती, असा प्रश्न येतो, आणि उत्तर नोंदींवरून दिलं जातं. नोंदी येतात जाळ्यांवरून. भराव किंवा जहाजांचा मार्ग आला की खुंट काढावे लागतात. खुंट गेले की पकड नाही, पकड नाही तर नोंद नाही, आणि पुढच्या पाहणीत तो तुकडा नकाशावर फिकट दिसू लागतो. फिकट का झाला, हे नकाशा सांगत नाही. मासा गेला म्हणून, की मोजणारा गेला म्हणून? ट्रॉलरनं केरळात जी साक्ष दिली, ती इथे कोण देणार? भराव आणि जहाजांची वाट यांमधून कुणी ट्रॉल ओढणार नाही.

वरच्या बाजूचंही तसंच आहे. नर्मदेवर सरदार सरोवर पूर्ण झालं. भरूचच्या खाली जाणारं गोडं पाणी आणि गाळ कमी झाला. तिथल्या हिलसाच्या मासेमारीला बसलेला फटका सर्वांनी पाहिला, कारण हिलसा नदीत चढतो आणि नदीतली माणसं त्याला ओळखतात. बोंबील समुद्रातच राहतो. आखाताबाहेरच्या त्याच्या बेटाला त्या गाळाची किती गरज होती, हे ओळखायला त्याच जागी, त्याच हंगामात, त्याच जाळ्यानं वर्षानुवर्षं घेतलेल्या नोंदी लागतात. अशी सर्वांत लांब नोंद कुणाकडे असेल तर ती डोलवाल्या घराण्यांकडे आहे. खुंट कुठे, कोणाचा, कोणत्या पाण्याला काय लागतं, हे तिथे बापाकडून मुलाकडे येतं. वसई-उत्तनकडच्या आणि सातपाटी-डहाणूकडच्या मच्छीमारांमध्ये जाळ्यांच्या जागांवरून जे वाद वर्षानुवर्षं चालले, त्या वादांच्या कागदांतही कोणता तुकडा भांडण्याइतका चांगला होता, हे लिहिलेलं सापडेल. अधिवासाच्या योग्यतेचा हा पुरावा संगणकाच्या कुठल्याही थरात अजून भरलेला नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यांपैकी कुणाला विषय हवा असेल तर हा घ्यावा. कोर्टकचेऱ्यांची दप्तरं आणि सोसायट्यांच्या वह्या अजून शाबूत आहेत तोवर.

एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे की हिलसा गंगेत आणि नर्मदेत दोन्हीकडे चढतो, मग त्याची पोकळी कुठे? प्रश्न चांगला आहे आणि त्याला दहा मिनिटं पुरणार नाहीत. पुढच्या वेळी फराक्कापासून सुरुवात करू.